बर्फात एसयूव्ही कशी चालवायची आणि रुतली तर कशी काढायची (इंदूरहून मनालीकडे निघणाऱ्यांसाठी)

दिवाळी झाली की इंदूरमधे एक साथच येते, ज्याच्याकडे म्हणून एसयूव्ही आहे त्याला ती मनालीच्या पुढे बर्फात न्यायची असते. दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेचा एट-लेन झाल्यापासून तर विचारूच नका, गरोठला चढलं की दिल्लीकडे, तिथून मनाली, साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास, मधे एक मुक्काम, "अपन तर आरामात जाऊ भिया". जाल हो, तिथपर्यंत कोणीही जातं. भानगड मनालीच्या पुढच्या पंचवीसेक किलोमीटरची आहे, सोलंग ते धुंधी ते अटल टनेलचं तोंड, आणि टनेल संपल्यावर सिस्सूकडे.

आपल्याकडच्या माणसाची अडचण वेगळीच आहे. गाडी रुतण्याचा आपला सगळा अनुभव माळव्याच्या काळ्या मातीतला. पावसाळ्यात चोरल-जानापावकडे कच्च्या रस्त्यावर गाडी फसली की आपण काय करतो, अॅक्सिलरेटर दाबून धरतो, चाकं चिखल उडवतात, टायरच्या खाचा मोकळ्या होतात आणि बऱ्याचदा गाडी निघते पण. बर्फात नेमकं हेच करायचं नाही. फिरणारं चाक खालचा बर्फ घासून वितळवतं, ते पाणी लगेच गोठतं आणि चाकाखाली काचेसारखा गुळगुळीत खड्डा तयार होतो. दहा सेकंदांत गाडी इतकी खाली बसते की पुढे अर्धा तास फावडं मारावं लागतं. ही सवय सुटली की बाकीचं सगळं शिकता येतं.

आधी तुमची गाडी नक्की काय आहे ते बघा

थार आहे म्हणजे फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद) आहे असं समजू नका, २०२३ पासून ती नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हर्जनमधे पण मिळते. स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनरचंही तसंच, दोन्ही प्रकार येतात. क्रेटा, नेक्सॉन, ब्रेझा ह्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, उंच आहेत एवढंच. सेकंडहँड घेतली असेल तर गिअरजवळ दुसरा लिव्हर किंवा गोल नॉब आहे का बघा, त्यावर टू-हाय (दोनच चाकांना ताकद), फोर-हाय (चारही चाकांना), फोर-लो (चारही चाकांना, वेग कमी पण जोर जास्त) असं असेल तरच ती खरी फोर बाय फोर.

आणि असली तरी हुरळून जाऊ नका. फोर बाय फोर गाडीला पुढे ढकलते, थांबवत नाही. ब्रेक आल्टोच्याही चारही चाकांना असतात आणि थारच्याही चारच चाकांना, वर थारचं वजन जास्त. चढावर मस्त चढलेली गाडी उतारावर घसरत जाते त्याचं कारण हेच, चढताना सगळं कंट्रोलमधे वाटतं म्हणून माणूस वरपर्यंत जातो आणि उतरायची वेळ आली की कळतं. २०२४ च्या डिसेंबरात नाताळच्या तोंडावर सोलंग आणि अटल टनेलच्या मधे हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या, पोलिसांना शेकडो पर्यटकांना बाहेर काढावं लागलं.

पुढच्या चाकांची गाडी असेल तर अगदीच वाईट नाही, इंजिनचं वजन चालणाऱ्या चाकांवर असतं, चेन (टायरभोवती गुंडाळायची बर्फाची साखळी) लावून हलक्या बर्फात ती बरी चालते. सगळ्यात अवघड म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी आणि मागे रिकामी असलेली गाडी. बर्फ पडत असेल तेव्हा प्रशासन सोलंग-नेहरू कुंडच्या पुढे बहुतेक वेळा फोर बाय फोरलाच सोडतं. अडवलं तर वाद घालू नका, गाडी तिथेच लावा आणि लोकल फोर बाय फोर टॅक्सी करा, तो ड्रायव्हर रोज तेच करतो आणि तुमची ट्रिप वाचते.

अजून एक, ग्राउंड क्लिअरन्स. क्रेटा १९० मिमी, जिम्नी २१०, थार २२६. बर्फ याच्यापेक्षा खोल झाला की गाडीचं पोट बर्फावर टेकतं, चाकं लोंबकळतात, मग चार काय आठ चाकांना ताकद दिली तरी उपयोग नाही. म्हणून ताज्या बर्फात उतरायच्या आधी काठी घालून किंवा सरळ पाय घालून खोली बघा. नडगीच्या मध्यापर्यंत पाय गेला तर गाडी तिथे घालायची नाही.

इंदूरमधेच करून घ्यायची कामं

कूलंट सगळ्यात आधी. उन्हाळ्यात कोणीतरी रेडिएटरमधे साधं पाणी टॉप-अप केलेलं असतं, इथे काही होत नाही, पण रात्री उणे दहामधे गाडी उभी राहिली तर ते पाणी गोठून फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण साधारण उणे ३५ पर्यंत गोठत नाही. मेकॅनिक "चलेगा" म्हणाला तरी बदलून घ्या. वायपरच्या टाकीतलं पाणी पण काढा आणि गोठणार नाही असं वॉशर फ्लुइड भरा. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर इथेच बदला, थंडीत ती सकाळी हमखास दगा देते.

डिझेलवाल्यांनी एक लक्षात ठेवा, कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर जाम होतो. इंडियन ऑईलनं २०१९ मधे लडाखसाठी विंटर डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं. तुम्हाला एवढं लागणार नाही, पण मैदानातलं डिझेल फुल्ल टाकी भरून वर न्यायचं नाही. टाकी थोडी रिकामी ठेवून मनालीत भरा, टनेलपलीकडे लाहौलमधे मुक्काम असेल तर तिकडच्या पंपावर पण भरा, थंड प्रदेशातल्या पंपावर हिवाळ्यात त्या हवामानाला चालेल असं डिझेल मिळण्याची शक्यता जास्त.

टायरची हवा. तापमान साडेपाच डिग्रीनं उतरलं की साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होतो, म्हणजे इंदूरला २५ डिग्रीत भरलेली ३३ हवा मनालीत उणे पाचला २७-२८ दाखवते, पंक्चर झालं म्हणून घाबरू नका. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा एअर पंप आणि गेज मात्र घ्याच, पुढे लागणार आहे. टायर एचटी (हायवेचे) असोत की एटी (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे), गोठलेल्या बर्फावर दोन्ही सारखेच बिनकामाचे. एटी ताज्या, भुसभुशीत बर्फात बरे चालतात, एवढाच फरक.

मग चेन. साइज टायरच्या बाजूला छापलेलीच घ्यायची, उदाहरणार्थ जिम्नीची १९५/८० आर १५. गाडीच्या मॅन्युअलमधे बघा की चेन लावायला परवानगी आहे का आणि कुठल्या चाकांना, काही गाड्यांत मोठ्या अलॉयवर चेन सस्पेन्शनला घासते. मनालीत भाड्यानं मिळतात पण ढिल्या, तुटक्या निघण्याची भीती असते. आणि घेतलीत तर इंदूरमधेच पार्किंगमधे एकदा चढवून बघा. शेजारचे काका बाल्कनीतून "काय रे, बैलगाडीची तयारी का" असं विचारतील, विचारू द्या. कारण सोलंगला रस्त्याच्या कडेला उणे तापमानात, बोटं बधिर, आतल्या बाजूचा हुक दिसत नाही, तो नुसता चाचपून लावायचा असतो आणि मागून दहा गाड्या हॉर्न मारत असतात, तिथे पहिल्यांदा शिकणं म्हणजे शिक्षाच.

बाकीचं सामान घरातलंच किंवा बाजारातलं. लोखंडी फावडं, दांडा छोटा करून घेतलेलं, खुरप्यानं काही होत नाही. छावणी बाजारातून तीन-चार रिकामी बारदानं, एका पोत्यात दहा-पंधरा किलो कोरडी वाळू. जॅकखाली ठेवायला जाड प्लायचा फूटभर तुकडा. टो करायचा पट्टा, डी-शॅकल (पट्टा हुकला जोडायची लोखंडी कडी), आणि गाडीसोबत येणारा टो-हुक नक्की स्टेपनीजवळ आहे ना ते बघा. हातात लोकरीचे मोजे आणि वरून रबरी, नुसती लोकर पाच मिनिटांत ओली होते. डोक्याला लावायची टॉर्च, पाणी, ब्लँकेट, आणि खायला शेव-परमल, ते तर इंदूरकर सांगितल्याशिवाय घेतोच.

चालवताना

बर्फ सुरू व्हायच्या आधीच थांबा आणि फोर-हाय टाका, चेन पण तिथेच. बऱ्याच लोकांना वाटतं अडकल्यावर लावू, अडकल्यावर चेन लावणं म्हणजे आधी चाकाभोवतीचा बर्फ उकरणं. चेन लावून पन्नास-शंभर मीटर चालवा, उतरा, परत आवळा, पहिल्यांदा ती ढिली होतेच. स्पीड ३०-४० च्या वर नको, आणि मोकळा डांबरी रस्ता किंवा टनेल आला की काढून टाका. कोरड्या डांबरावर चेन तुटते, तुटलेला तुकडा फेंडर फाडतो. टनेलमधे मधेच थांबायला मनाई आहे, नऊ किलोमीटर सलग जायचं असतं, त्यामुळे तोंडाशी येण्याच्या आधीच जागा बघून काढा. फोर-हायचंही तेच, कोरड्या रस्त्यावर टू-हाय, नाहीतर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर) ताण येतो.

सुरुवात दुसऱ्या गिअरमधे करा, क्लच हळू सोडा, अॅक्सिलरेटरला नुसता स्पर्श. ऑटोमॅटिकमधे स्नो मोड असेल तर तो, नसेल तर मॅन्युअल मोडमधे दुसरा गिअर. स्टिअरिंग, ब्रेक, रेस, तिन्ही हळू आणि शक्यतो एका वेळी एकच. चढ दिसला की खालीच गिअर ठरवा, पुढची गाडी वर पोचेपर्यंत खाली थांबा, आणि मग मधे न थांबता एका दमात चढा. अर्ध्या चढावर थांबलात तर तिथून निघणं सगळ्यात कठीण.

उतारावर फोर-लो आणि पहिला गिअर, ब्रेकला जवळजवळ हातच लावायचा नाही, इंजिनच गाडी धरतं. हिल डिसेंट (उतारावर वेग आपोआप धरणारी सोय) असेल तर चालू करा. ब्रेक दाबावाच लागला आणि पायाखाली टरटर झालं तर ते एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सोय) आहे, पाय उचलू नका. गाडी घसरायला लागली तर रेस सोडा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच हळू स्टिअरिंग फिरवा. दरीच्या बाजूला जायला लागली आणि काहीच ऐकत नसेल तर डोंगराच्या बाजूच्या बर्फाच्या ढिगात घाला, बंपर गेला तर गेला.

सगळ्यात मोठी गोष्ट वेळेची. दुपारी उन्हानं रस्त्यावरचा बर्फ ओला होतो, गाड्यांची चाकं तो दाबून सपाट करतात, आणि ऊन डोंगराआड गेलं की त्याची काच होते, पारदर्शक, डांबरासारखीच काळी दिसणारी. पूल, टनेलचं तोंड, सावलीतली वळणं, तिथे आधी होते. म्हणून सिस्सूहून परतायचं ते दुपारी दोन-अडीचलाच, "सनसेट बघून निघू" वाले संध्याकाळच्या जाममधे सापडतात. जामात आपली गाडी ठीक असून पण उपयोग नाही, पुढचा घसरत तुमच्यावर येतो.

रुतलीच तर

चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही असं वाटलं त्याच क्षणी पाय उचला. अपवाद एक, थार-जिम्नीसारख्या गाड्यांमधे फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागून दुसऱ्या चाकाला ताकद जाते, तिथे एकदाच, दोन-तीन सेकंद, हलकी आणि स्थिर रेस ठेवून बघा. नाही निघाली तर बंद.

हजार्ड लाइट लावा, उतरा, आणि सगळ्यात आधी सायलेन्सरचा पाइप मोकळा करा. हे मी मुद्दाम पहिल्या नंबरला लिहितोय. पाइप बर्फात बुडाला असेल आणि इंजिन चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीखाली साठून आत येतो, त्याला ना वास ना रंग, आत हिटर लावून बसलेल्यांना नुसती झोप येते आणि ते उठत नाहीत. थंडीत अडकून मेले असं आपण बातमीत वाचतो त्यात हे पण एक कारण असतं.

मग खाली वाकून टॉर्चनं बघा, गाडी कशावर अडकलीय. चाकंच रुतलीत का पोट टेकलंय. लोक चाकापुढचा बर्फ उकरत बसतात आणि गाडी टेकलेली असते मधल्या डिफरेन्शियलच्या (दोन चाकांमधल्या गिअरच्या) गोळ्यावर किंवा इंजिनखालच्या पत्र्यावर. तिथला बर्फ दाबून विटेसारखा घट्ट झालेला असतो, फावड्याच्या टोकानं बाजूनं खणत आत जावं लागतं, पालथं झोपून, बाही ओली करत. दुसरा मार्ग नाही. गाडी बंद आणि गिअरमधे असेल, चाकांना दगड लावलेले असतील तरच खाली हात घाला, आणि जॅकवर उभ्या गाडीखाली तर अजिबात नाही.

पोट मोकळं झालं की चारही चाकांच्या पुढे आणि मागे हात-दीड हात लांबीचा उतरता रस्ता करा. बाहेर मागेच निघा, पुढे नाही. मागे तुमच्याच चाकांनी दाबलेली चाकोरी आहे, पुढे काय आहे माहीत नाही. स्टिअरिंग सरळ करा, वाकडं चाक स्वतःच बर्फ ढकलत बसतं.

चाकाखालची काच फावड्यानं खरवडून खडबडीत करा, त्यावर वाळू, आणि वाळूवर बारदान, अर्धं चाकाखाली ठोसून. ज्या चाकांना ताकद जाते त्यांनाच, क्रेटाच्या मागच्या चाकाखाली पोतं घालून उपयोग नाही. गाडीतल्या फ्लोअर मॅट शेवटचा उपाय, त्या फाटतात. आणि चाकाच्या रेषेत, ना पुढे ना मागे, कोणी उभं राहायचं नाही, चाक फिरलं की पोतं किंवा मॅट सणकन उडते.

टायरची हवा इथे कामाला येते. भुसभुशीत खोल बर्फ असेल तर १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि बर्फावर तरंगल्यासारखा चालतो. गोठलेल्या काचेवर हे करू नका, तिथे फायदा नाही. आणि बाहेर निघाल्यावर पंपानं परत भरल्याशिवाय चाळीसच्या वर जायचं नाही, टायर रिममधून निघू शकतो.

आता फोर-लो, ट्रॅक्शन कंट्रोलचं (चाक जागच्या जागी फिरलं की ताकद कापणाऱ्या सोयीचं) बटन बंद, रिव्हर्स, आणि हळू. थोडी हलली पण निघाली नाही तर झुलवायची, मागे जाईल तेवढी जाऊ द्या, थांबायच्या आत क्लच दाबा, गडगडत पुढे येऊ द्या, परत रिव्हर्स. लयीत केलं की प्रत्येक वेळी वीतभर जास्त जाते. ऑटोमॅटिकमधे प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबल्यावरच डी आणि आर बदला, आणि दोन-चार वेळात नाही झालं तर सोडा, गिअरबॉक्सचं तेल तापतं. सीव्हीटीवाल्यांनी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तर झुलवूच नये.

एकच चाक खोल गेलं असेल तर जॅक. खाली प्लायचा तुकडा ठेवा नाहीतर जॅकच बर्फात घुसतो, चाक उचलून बाजूनं खड्ड्यात दगड-वाळू भरा, वर बारदान, मग उतरवा. वेळखाऊ आहे पण एकट्या माणसालाही जमतं.

दुसऱ्या गाडीनं ओढताना

इथे लोक जखमी होतात. पट्टा फक्त कंपनीनं दिलेल्या टो-हुकला किंवा चेसिसच्या हुकला. स्क्रूचा हुक शेवटपर्यंत आवळायचा, काही गाड्यांमधे तो उलटा आवळतो, त्यामुळे घरीच एकदा लावून बघा. सस्पेन्शनचा आर्म, बंपर, सायलेन्सर ह्यांना बांधायचं नाही, आणि मागे लावलेल्या टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) तर कधीच नाही, तो तुटला की गोळीसारखा सुटतो. लोखंडी साखळीनं ओढू नका.

पट्ट्याच्या मधोमध एक जाड ब्लँकेट किंवा भिजलेलं पोतं टाका, तुटला तर ते त्याला खाली पाडतं. बघ्यांना लांब करा, पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी, आणि व्हिडिओ काढणाऱ्याला आधी. साध्या पट्ट्यानं ओढताना आधी तो ताणून घ्यायचा आणि मग हळू, झटका द्यायचा नाही. रुतलेल्या गाडीनं पण त्याच वेळी हलकी रेस द्यायची. आणि ओढायच्या आधी फावडं मारलेलं असलं पाहिजे, बर्फात चिकटलेली गाडी नुसत्या ओढण्यानं निघत नाही, हुक निघतो. आपल्याकडे "दोर टाक, खेच" हे पहिलं सुचतं, तिथले पहाडी ड्रायव्हर बघा, ते आधी फावडं मागतात.

रात्र तिथेच काढायची वेळ आली तर

गाडी सोडून चालत निघू नका, बर्फ पडताना तर नाहीच. ११२ ला फोन करा, लोकेशन सांगा, मग फोनचा डेटा बंद करून बॅटरी वाचवा. इंजिन तासाला दहा मिनिटं, त्याच्या आधी दर वेळी पाइप बघून, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच दोन बोटं उघडी. हिमस्खलनाचा बोर्ड असलेल्या जागी मात्र थांबायचंच नाही, जमेल तेवढं पुढे किंवा मागे सरकायचं.

हॉटेलवर गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, ओले ब्रेक रात्री गोठून चिकटतात, मग सकाळी चाक फिरत नाही. सपाट जागा, पहिला गिअर, चाकाला दगड. वायपर उभे करून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतणारा एकजण तरी प्रत्येक हॉटेलात असतो, तो तुम्ही होऊ नका, काच तडकते.

मैदानात उतरल्यावर टायरची हवा परत बघा, वर थंडीत ३३ करून भरली असेल तर खाली ती ३८-३९ झालेली असते. इंदूरला आलात की गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुवा, ब्रेकचे पाइप आणि सेन्सरच्या वायरी कुठे बर्फानं ओढल्या गेल्यात का ते मेकॅनिकला दाखवा. आणि चेन साध्या पाण्यानं धुवून, उन्हात वाळवून, तेलाचा हात मारून पोत्यात भरा, ओली ठेवली तर पुढच्या डिसेंबरपर्यंत तिचा गंजलेला गोळा होतो.